लाडकी

पाशेडू पाथरवट देवळांच्या भिंतींवर राजांची नावं कोरायचा, आणि नव्या राजाला जुना खुपला की तीच नावं खरवडायचा. माणूस तिरसट. "राजे बदलतात, खांदे मात्र आमचेच निखळतात," असं मुकादमाच्या तोंडावर बोलायचा.

एक राजा तर वर्षभरही टिकला नाही. तो गादीवर बसला त्याच दिवशी पाशेडूला मुलगी झाली, म्हणून रीतीप्रमाणे राजाचं नाव गुंफूनच तिचं नाव ठेवलं, 'अमुक राजाची लाडकी'. राजा गेला आणि मागोमाग तापानं पोरही गेली. तिच्या थडग्याचा दगड पाशेडूनंच घडवला. बायको हेनुत रोज तिथं भाकरी ठेवून तिला हाक मारायची. दगडावर पुरं नाव असलं तरच मेलेल्याला अन्न पोचतं, अशी तिथली समजूत.

मग हुकूम आला, त्या राजाचं नाव कुठंही दिसता कामा नये.

"थडग्यांवरचंसुद्धा?" पाशेडूनं विचारलं.

"सगळीकडचं," मुकादम म्हणाला. "तू नाही खोडलंस तर दुसरा येईल, आणि तो अख्खा दगडच फोडेल."

पाशेडूनं स्वतःच छिन्नी लावली.

संध्याकाळी हेनुत भाकरी घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं, ती रोज अक्षरांवरून बोट फिरवायची. आज बोट खड्ड्यात गेलं.

"काय उरलंय?" तिनं विचारलं.

"लाडकी. एवढंच."

"अशा लाडक्या इथं रांगेनं पुरल्यात," हेनुत म्हणाली, आणि भाकरी उचलून घरी परत घेऊन गेली.