टीबॅगमावशींची कोरी जागा

टीबॅगमावशी एखाद्या वस्तूचं चित्र काढायच्या ते तिच्याकडे पाठ करून. आधी दहा मिनिटं टक लावून बघायचं, मग खुर्ची फिरवायची आणि आठवेल तेवढंच रंगवायचं. आठवलं नाही तिथे कॅनव्हास कोरा. "जे आठवत नाही ते मी पाहिलंच नव्हतं," म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी तेवढंच बघायला परत हजर.

नॉटिंगहॅममधल्या त्यांच्या घरात मी वरची खोली भाड्याने घेतली होती. टीबॅगमावशी हे टोपणनाव मीच ठेवलेलं, अर्थात त्यांच्या माघारी. सिंकच्या काठावर वाळत पडलेली एक वापरलेली टीबॅग त्यांनी तीन आठवडे रंगवली. एकदा मी सवयीने ती कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली, तर मला ऑफिसात फोन. "अगं, तिच्या कुठल्या कोपऱ्यात डाग गडद होता?"

"मावशी, मी मीटिंगमध्ये आहे!"

"मग म्यूट कर आणि आठव."

मला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं. तरी रोज जिना उतरताना कोरी जागा किती भरली हे बघायला मी थांबायचेच.

एका रविवारी मी बढाई मारली, की आईला मी रोज व्हिडिओ कॉलवर बघते, तिला तर डोळे मिटून काढेन. मावशींनी कागद पुढे सरकवला. चेहरा बराच जमला, चष्मा जमला, गळ्यातली पोतही. हातांपाशी मात्र गाडी अडली. बांगड्या किती? बोटं कशी? मनगटापुढे मला काही दिसेना. ज्या हातांनी मला वाढवलं तेच आठवत नव्हते, आणि मला रडू फुटलं.

"रडतेस काय? आई आहे ना अजून? जाऊन बघून ये," मावशी म्हणाल्या.

रजा मिळायला दोन महिने गेले. पुण्यात पहिल्याच सकाळी आई मटार सोलत होती. मी समोर बसून तिचे हात बघत राहिले. उजवा हात थरथरत होता. दाणे ताटाबाहेर पडत होते.

"आई, हे कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. फोनवर कुठे दिसतो हात!"

दुपारी गच्चीवर जाऊन मी मावशींना फोन लावला.

"मिळाले का गं हात?"

"मिळाले. उजवा थरथरतो, मावशी. कसा काढू?"

"आत्ता काढू नकोस," त्या म्हणाल्या. "आधी हातात घे."