मॉडेलला कोण विचारतं?

"मावशी, पदर जरा खाली घ्या."

सर म्हणाले. आईला कळलं नाही. तिनं पदर उलट घट्ट खोचला.

"खाली, खाली. खांदा दिसू द्या. शेतात काम करताना असतो तसा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवर बोर्ड घेऊन वर्गातल्या पोरापोरींच्या घोळक्यात बसलेली. ती समोर, सगळ्यांच्या नजरेत, लाकडी खोक्यावर. आई शेतात पदर खांद्याखाली ठेवते हे या माणसाला कुणी सांगितलं होतं? कापूस वेचताना ती साडीवरून माझ्या भावाचा फुल शर्ट घालते. बटणं गळ्यापर्यंत लावते.

त्या दिवशी ती मला भाकरी आणि ठेचा द्यायला गावाहून, बिडकीनहून आली होती. मी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहायचे. पोरीच्या कॉलेजात जायचं म्हणून तिनं जयंतीला घेतलेली निळी साडी नेसली होती. केसांना तेल, तोंडाला पावडर. समोर जिवंत माणूस बसवून चित्र काढायचा आमचा एक तास असतो. त्याला लाइफ म्हणतात. त्यासाठी मजूर अड्ड्यावरून एखादी बाई आणायचा रिवाज. त्या दिवशी बाई आली नाही. सरांना दारात उभी असलेली आई दिसली. मला त्यांनी काही विचारलं नाही.

"मावशी, बसता का? पोरं तुमचं चित्र काढतील."

"माझं चित्र?" आई लाजून हसली. "व्हय की. बसते."

तिला वाटलं, शहागंजातल्या फोटो स्टुडिओत बसतात तसं बसायचं. हात मांडीवर, मान ताठ. ती तशी बसलीही. पण सर म्हणाले, "ही साडी नको. भडक आहे." आणि पत्र्याची पेटी उघडली. ती पेटी आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक. आत एक मळकं लुगडं, एक मडकं, एक टोपली. मॉडेल म्हणून आलेली बाई कंपनीत पॅकिंग करणारी असो की धुणीभांडी करणारी, लुगडं तेच आणि मडकं तेच. आई पडद्यामागं गेली. निळी साडी घडी करून ठेवली आणि कुणाकुणाच्या घामाचं ते लुगडं नेसून आली.

आणि मग पदराचं निघालं. आईनं तो बोटभर खाली घेतला. सरांना तेवढं पुरेना. ते पुढं झाले आणि कोळशानं काळ्या झालेल्या बोटांनी त्यांनीच तो खाली ओढला.

"बघा," ते वर्गाला म्हणाले. "कष्टाचं शरीर. यांच्यात आपल्यासारखा संकोच नसतो, म्हणून रेषा मोकळी मिळते."

यांच्यात. आपल्यासारखा. एकाही पोरानं मान वर केली नाही. कागदावर कोळसा घासल्याचा आवाज तेवढा येत होता. सर स्वतःही काढायला बसले, आम्हाला दाखवायला. मी कागदावर एकही रेघ ओढली नाही.

मी आईला बसस्टँडवर सोडायला गेले. एसटीत चढताना तिनं विचारलं, "तुझ्या कागदावर काय काढलंस?"

"काही नाही."

"बरं केलंस."

संकोच नसतो म्हणे! या माणसाला आमची न्हाणी दाखवायला हवी होती. घरामागं चार बांबू, त्यांना खताच्या पोत्यांचा आडोसा, वर आभाळ. पोती कमरेच्या जराशी वर येतात. औद्योगिक वसाहतीत जमिनी गेल्या, मोबदल्याचा पैसा आला, तसा मागच्या बागायतदारांच्या घरावर मजला चढला, आणि त्यांच्या गच्चीवरून आमची न्हाणी सरळ दिसायला लागली. तेव्हापासून आई फटफटायच्या आत आंघोळ उरकते. बसून. परकर छातीवर बांधून. मलाही तिनं तेच शिकवलं. वडील आणि भाऊ मात्र बोरवर, भर दिवसा, साबणाचा फेस उडवत मजेत आंघोळ करतात. त्यांच्यासाठी कुणी पोती बांधली नाहीत, कारण गच्चीवरून त्यांना कुणी बघत नाही.

हॉस्टेलवर मला पहिल्यांदा कडी लागणारं दार मिळालं. आत गेले, कडी लावली आणि सवयीनं खाली बसले. परकर बांधूनच. दोन तांबे अंगावर घेतले तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला की इथं उभं राहता येतं. उभी राहिले. परकर सोडला. समोर आरसा होता, त्यात वळून वळून पाहिलं. एकोणीस वर्षांची घोडी मी, आणि माझ्या पाठीवर तीळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर पोरी दार बडवत होत्या, "अगं ए, झोपलीस का आत?" मी आत रडत होते. रडू कसलं, संताप होता तो. आईचं निम्मं आयुष्य सरलं आणि ती एकदाही अशी उभी राहिली नव्हती.

शेवटच्या वर्षाला आपला विषय आपण निवडायचा असतो. मी न्हाणी निवडली. सुट्टीत घरी गेले. आई ओसरीवर ज्वारी पाखडत होती.

"आई, तुझं चित्र काढायचंय. न्हाणीतलं. तू म्हणशील तसं."

सूप थांबलं. मला वाटलं, आता उठून जाते ही.

"परकर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग सुपातला खडा वेचून टाकत, "तोंड नगं. पाठ काढ. माझी पाठ मी कदी बघितली नाय." पुन्हा सूप हलवायला लागली आणि पुन्हा थांबली. "पर उभी काढ. बसलेली नगं."

काढली. तिच्या उंचीएवढ्या कागदावर, कोळशानं. छातीपासून पोटरीपर्यंत ओला परकर, सरळ उभी पाठ. प्रदर्शनासाठी आमच्या न्हाणीचीच पोती आणली, चार बांबू उभे केले, पोती इथं मात्र डोक्याइतकी उंच बांधली, आत ते चित्र टांगलं. आत जायची वाट कमरेइतकीच उंच ठेवली. ज्याला बघायचंय त्यानं वाकून जायचं, उकिडवं बसायचं आणि मान वर करून माझ्या आईला बघायचं.

एवढ्यासाठी किती हेलपाटे घातले! शिपाई म्हणे पोत्यांना वास येतो. एक मॅडम म्हणे पोत्यांऐवजी छान रंगीत पडदे लाव. कुणी म्हणे बांबूनं फरशी खराब होईल. प्रत्येकाला काहीतरी खुपत होतं, आणि खरं काय खुपतंय ते एकही जण तोंडानं बोलत नव्हता. ते बोलायचं काम उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सरांनी केलं. ते आत गेले नाहीत. वाकलेच नाहीत. टाचा उंच करून पोत्यांवरून आत डोकावले. गच्चीवरून डोकावतात अगदी तसेच.

"काढ हे. अश्लील आहे. पालक येणार आहेत. स्वतःच्या आईला असं मांडताना लाज नाही वाटली?"

मी त्यांच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. मुख्य भिंत, बरोबर मधोमध. चौकटीत सरांचं चित्र. मळकं लुगडं, मडकं, ओढून उतरवलेला पदर, आणि माझ्या आईचं तोंड. खाली पट्टी होती, 'ग्रामीण सौंदर्य'. कोपऱ्यात सरांची सही.

"सर, हे लावताना आईला विचारलं होतं?"

ते खरोखर गोंधळले.

"मॉडेलला कोण विचारतं?"

रागानंही म्हणाले नाहीत हो. आज वार कोणता हे सांगावं तसं म्हणाले.

"मग आधी ते काढा. तोवर हे निघणार नाही."

माझा आवाज चिरका आला. पण आला. सर लालबुंद झाले. "मी जात मानत नाही म्हणून तुझं इतकं ऐकून घेतोय," म्हणाले. जातीचं मी काढलंच नव्हतं. पुढं हेही म्हणाले, की मार्क त्यांच्या हातात आहेत.

दुपारी आई आली. पुन्हा त्याच निळ्या साडीत. मी तिला आधी न्हाणीत नेलं. ती वाकून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे ओले होते आणि तोंड हसरं होतं. "पाठ लई रुंद हाय की गं माझी." एवढ्यात तिला भिंतीवरचं दिसलं. ती जवळ गेली, निरखून पाहिलं.

"तोंड माझं हाय," ती म्हणाली. "बाकी समदं त्येंचं."

मग तिनं त्या चौकटीकडे पाठ केली आणि चित्रासमोर उभी राहिली. अगदी चिकटून. मागचं काही दिसेना. पाहुणे आले, फीत कापली, घोळका त्या भिंतीपाशी आला. सर गोड आवाजात म्हणाले, "मावशी, जरा बाजूला व्हा."

"नाय व्हत," आई म्हणाली. "बसवलं तवा बसले. आता उभीच ऱ्हाणार."

पाहुणे दुसऱ्या भिंतीकडे वळले. माझ्या वर्गातली पोरं मोबाइलमध्ये तोंड घालून उभी होती. मी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. हॉल बंद होईपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.

यानं काही बदललं असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. सरांचं चित्र होतं तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी माझी न्हाणी अडगळीच्या खोलीत कोंबलेली सापडली. बांबू मोडलेले, आईची पाठ मधोमध दुमडलेली. प्राचार्यांनी बोलावलं. माफी मागायची आणि फुलं, फळं असा एखादा विषय घ्यायचा, म्हणजे वर्ष वाचेल. मी माफी मागितली नाही. वर्ष गेलं. घरी भाऊ त्यावरून अजून टोमणे मारतो, आणि त्याला उत्तर देता देता माझं डोकं फिरतं.

यंदा त्याच वर्गात आहे, त्याच सरांसमोर. लाइफच्या पहिल्या तासाला सरांनी पत्र्याची पेटी उघडायला सांगितली. समोर एक बाई अवघडून बसलेली. मी उठले आणि पेटीच्या झाकणावर जाऊन बसले. बाईला विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं बसायचंय?"

"खाली उतर," सर म्हणाले.

उतरले नाही. बाई आधी सरांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून पुढं घेतला आणि मान ताठ केली.

विषय यंदाही न्हाणीच आहे. दुमडलेला कागद तसाच लावणार आहे, घडीसकट. पोती तीच. आत जायची वाट मात्र गेल्या वेळेपेक्षा खाली घेणार आहे.