राखीव पिंप

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जोरात होते त्या वर्षी पाऊस लांबला आणि लालबागच्या आमच्या चाळीत नळ सकाळी जेमतेम अर्धा तास येऊ लागला. मजल्यावर बारा खोल्या, नळ एक. याद्या करायची मला लग्नाआधीपासूनची सवय, म्हणून तक्ता मीच केला : कोणाची पाळी कधी, कोणाचे हंडे किती. शिवाय गॅलरीत एक पिंप सगळ्यांनी मिळून भरायचं ठरवलं. त्यावर खडूनं ‘राखीव’ लिहिलं. पाच नंबरच्या खोलीत लेक बाळंत होऊन चार दिवस झाले होते. नळ आला नाही तर बाळाच्या आंघोळीची सोय हवी.

तक्ता चोख चालला होता, तरी पाणी पुरेना. म्हणून एक दिवस मी नळाच्या वेळेआधीच गॅलरीत जाऊन बसले. पाच नंबरच्या आजी आल्या, पिंप आडवं केलं आणि सगळं पाणी मोरीत सोडलं.

“अहो आजी, राखीव पाणी ते!”

“कालचा शिळा पाणी,” आजी मालवणीत म्हणाल्या. “त्यान माझ्या नातवाक न्हाऊ घालू? मगे ताजा भरतलंय.”

बघते तर प्रत्येक दारातून कळश्या रिकाम्या होत होत्या. आमच्या सासूबाईंनी तर आमचा हंडा ओतून घासूनही ठेवला होता. शिळं टाकून ताजं भरायचं ही रोजची रीत; माझ्या तक्त्यात तिला रकानाच नव्हता.

आणि नेमका त्याच दिवशी नळ आला नाही.

बारा खोल्यांत लखलखीत भांडी, पाणी घोटभर नाही. बाळ तेल चोळून तयार आणि रडून लालेलाल.

“तक्त्यात बघ गो, खंय आसा पाणी,” आजी मला म्हणाल्या.

तक्त्यात नव्हतं. जिन्यापाशी होतं. अश्रुधूर सोडला तर फडकी भिजवून डोळ्यांना लावायची, म्हणून गिरणीतल्या मंडळींनी एक बादली भरून ठेवली होती. तीन दिवसांपूर्वीचं पाणी. पण ते पडलं मोर्च्याचं, त्यामुळे कोणाच्याच लेखी शिळं झालं नव्हतं. आजींनी बोट बुडवून पाहिलं आणि बादली सरळ चुलीकडे नेली.

आठ नंबरचा गिरणी कामगार धावत आला. “आजी, आज मोर्चा आहे! आम्ही डोळ्यांना काय लावू?”

“डोळे मिटून चल रे!”

बाळ न्हालं, प्यायलं, झोपलं. दुसऱ्या दिवशी नळ आल्यावर मी पिंप भरून घेतलं, ‘राखीव’ पुसलं आणि तिथे ‘मोर्च्याचं’ असं लिहिलं. त्यानंतर ते पाणी कोणी ओतलं नाही.