कपबश्यांची भिंत कोणी केली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तसं पाहिलं तर गोष्ट एका भिंतीची आहे. भिंतीबद्दल लपवण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं — म्हणजे, तसं वाटून घेत होते मी.

आमचं घर पंचवटीत आहे. सासऱ्यांनी बांधलेलं, दोन मजली, चारचौघांच्या घरासारखं. पण गल्लीच्या तोंडाशी कोणालाही ‘कपबश्यांचं घर’ विचारा, आमच्याच फाटकाशी आणून सोडतील. मामंजींचं, माझ्या सासऱ्यांचं, भांडीबाजारात चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं. उत्तरेतून, खुर्ज्याच्या कारखान्यांतून पेट्या यायच्या, गवतात गुंडाळलेला माल. प्रत्येक पेटीत थोडंफार फुटलेलं निघायचंच. मामंजी ते टाकत नसत, पोत्यात भरून घरी आणत. त्या तुकड्यांनी आमच्या व्हरांड्याची अख्खी भिंत भरलेली आहे. निळ्या काठांच्या तुकड्यांची गोदावरी, पांढऱ्या बश्यांच्या पायऱ्या, धुणं आपटणाऱ्या बायका आणि पाण्यात उभे बगळे. बगळ्यांच्या माना म्हणजे कपांचे कान. इतके वाकडे, इतके जिवंत, की हात लावल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

ही भिंत बघायला दर हिवाळ्यात लोक येतात. शहरातली काही हौशी मंडळी आहेत, ती एका रविवारी नाशकातली जुनी, वेगळी घरं दाखवत फिरवतात. कुठे तांबटाचं घर, कुठे दगडी चौकाचं, देवळालीकडचा एखादा बंगला. घरमालकांनी दार उघडायचं आणि आपल्या घराची गोष्ट सांगायची. मला सुरुवातीला लाज वाटली होती. आमच्या घरात काय बघायचंय? मग सवय झाली. मग — खरं सांगू? — आवड लागली. आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलेली बाई मी. माझं बोलणं इतकी माणसं गप्प बसून ऐकतायत, हे मला कुठे माहीत होतं?

पहिल्याच वर्षी एका बाईंनी विचारलं, “ही भिंत केली कोणी?”

सासूबाई तेव्हा होत्या. आतल्या खोलीत पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. मी आतल्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, “आमच्या सासूबाईंनी.”

लोकांनी आत जाऊन त्यांना नमस्कार केला. त्यांनी तो घेतला. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, “बरं झालं तसं सांगितलंस.” एवढंच. त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

भिंत लताताईंनी केली होती. माझ्या नणंदेनं.

मला हे कोणाकडून कळलेलं नाही. मी तिथे होते. लग्न होऊन आले तेव्हा भिंत अर्धी झाली होती, आणि उरलेल्या अर्ध्या भिंतीचं सिमेंट मी कालवलेलं आहे. दुपारी सासूबाई कलंडल्या की लताताई साडी खोचून स्टुलावर चढायच्या. “वहिनी, पातळ झालं. वहिनी, तो निळा द्या, नाही, तो गडद.” मी सटाण्याकडची, मोठ्या खटल्यातून आलेली. इथे सासरी तोंड उघडायची भीती वाटायची. माझं बोलणं ऐकून सासूबाई ओठ मुडपायच्या. लताताई मात्र मुद्दाम मला आमच्याकडची अहिराणी बोलायला लावायच्या, “काय शे?” म्हणायच्या, आणि दोघी हसत सुटायचो. या घरात माझ्याशी पहिल्यांदा कोणी हसलं असेल तर त्या.

पुढे त्यांनी लग्न केलं. मनमाडला रेल्वेत कारकून होते, त्यांच्याशी. माणूस शांत, शिकलेला. बौद्ध समाजातला. एवढं सांगितलं की पुढचं तुम्हाला कळलंच असेल. सासूबाईंनी त्यांचे फोटो भिंतीवरून उतरवले. मामंजी वरवर गप्प राहिले आणि आतून खचले. ते गेले त्या दिवशी लताताई आल्या होत्या. फाटकाच्या बाहेर, समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीशी उभ्या होत्या. कोणी त्यांना आत बोलावलं नाही. हे, म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ, खाली मान घालून उभे राहिले. आणि मी? मी खिडकीतून पाहिलं आणि पडदा सारखा केला.

पण मला सांगायचंय ते हे नाही. तेव्हा मी लहान होते, सासूबाईंच्या धाकात होते, असं म्हणता येईल. पुढचं मात्र तसं म्हणता येत नाही.

सासूबाई गेल्या. आता खरं सांगायला कोणाची आडकाठी होती? तरी पुढच्या हिवाळ्यात लोक आले आणि मी तेच सांगितलं. उलट जास्तच रंगवून सांगितलं. सासूबाई दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपून कशा स्टुलावर चढायच्या, गडद निळा तुकडा कसा शोधायच्या, बगळ्याची मान जमेना तेव्हा कशा चिडायच्या. सगळं लताताईंचं. त्यांच्या हातांच्या लकबीसुद्धा मी उचलल्या आणि दुसऱ्या बाईच्या अंगावर चढवल्या. लोकांचे डोळे पाणावायचे. ‘संसार सांभाळून ही कला!’ असं कोणीतरी म्हणायचंच. मी सुरुवातीला लताताईंचं नाव टाळत होते, कारण नाव घेतलं की पुढचे प्रश्न आले असते — कुठे असतात, का येत नाहीत. नंतर मात्र टाळत होते असंही नाही. मला माझी गोष्ट आवडायला लागली होती.

मग गेल्या वर्षीचा रविवार.

गर्दी बरीच होती. हे गावाला गेले होते. मी व्हरांड्यात भिंतीला पाठ करून बोलत होते. फाटकातून अजून काही माणसं आत आली, त्यांत एक पांढऱ्या केसांची बाई, कापलेले केस, चष्मा, सुती साडी, आणि तिच्या दंडाला धरून एक तरुण मुलगी. बाईनं चपला काढल्या आणि पायानंच बाजूला नीट लावल्या, उजवी आधी, मग डावी.

लताताई.

तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांनी ओळखलं कसं? चपला लावण्यावरून ओळखलं. चालण्यावरून ओळखलं. वर बघायच्या आधीच ओळखलं. त्या लोकांच्या मागे उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायला लागल्या. आणि मी बोलत होते. सासूबाई, स्टूल, गडद निळा तुकडा. माझा आवाज मलाच ऐकू येत होता. थांबता आलं असतं. ‘एक मिनिट हं,’ म्हणून त्यांचा हात धरून पुढे आणता आलं असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, मला कोणी नावं ठेवली नसती. मी थांबले नाही.

बोलणं संपल्यावर त्या मुलीनं विचारलं, “हे नक्की त्यांनीच केलंय का? तुमच्या सासूबाईंनी?”

आवाज सरळ होता. लताताईंनी आता माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तुम्हाला कसं सांगू? वाट बघत होत्या.

मी म्हणाले, “हो. त्यांनीच.”

मग चहाचा ट्रे आला. मी सगळ्यांना देत देत त्यांच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, “मॅडम, चहा घेणार ना?”

मॅडम.

“नको,” त्या म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, “चल सुजाता, पुढचं घर बघायचंय ना?” जाता जाता त्यांनी एका बगळ्याच्या मानेवर बोट ठेवलं, नुसतं टेकवलं, आणि चपला घालून गेल्या.

इथवर मी मनाशी कबूल केलेलं होतं. भित्री आहे मी, मला माहीत होतं. पण याच्या पुढेही एक आहे, आणि तेच सांगायला इतका वेळ लावतेय.

थोड्या दिवसांनी दुपारी बेल वाजली. हे बाहेर गेले होते. दारात तीच मुलगी, एकटी. गंगापूर रोडला कुठल्याशा ऑफिसात नोकरी करते म्हणाली. “मामी, मी लताची मुलगी.”

मी तिला बसवलं. पाणी दिलं. ती काही भांडायला आली नव्हती. म्हणाली, “आईनं बजावलं होतं, तिथे काही बोलायचं नाही, नुसतं बघून यायचं. मलाच राहवलं नाही, मी विचारलं. सॉरी.”

ती मला सॉरी म्हणाली.

मग म्हणाली, “तुम्ही काय सांगता त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. घरातलं घरात असतं, मला कळतं. फक्त एकच विचारायचंय. आई तेव्हापासून नीट जेवत नाहीये. ती म्हणते, वहिनीनं मला ओळखलं. मी म्हणते, नाही ओळखलं, किती बदललीस तू, आणि गर्दी होती. तुम्ही ओळखलं होतंत का?”

विचार करा. तिला काय हवं होतं? भिंत नको होती, नाव नको होतं. ‘हो गं, ओळखलं, चुकलं माझं, चल मी येते मनमाडला,’ एवढंच मी म्हणाले असते तर? मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “अगं, लताताई होत्या? अगंबाई! मला सांगायचं नाही का! मी ओळखलंच नाही गं.”

मुलीचा चेहरा खुलला. खरोखर खुलला. “तेच म्हणत होते मी आईला,” म्हणाली. माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आईला आण एकदा,” असंही म्हणाले. ती हो म्हणून गेली.

त्या आल्या नाहीत. मुलगीही परत आली नाही. तिनं घरी जाऊन सांगितलंच असणार: मामीनं ओळखलं नाही म्हणे. आणि लताताईंना माहीत आहे, मी ओळखलं होतं. आमची नजर भिडली होती. म्हणजे मी त्यांना त्यांच्या लेकीसमोर खोटं पाडलं. म्हातारपणी माणसाला काहीतरी भास होतात, तसा तो भास झाला, असं आता ती मुलगी समजत असेल. माया करून समजावतही असेल. आणि त्या गप्प बसल्या असतील. मला वाचवायला गप्प बसल्या असतील, हेही मला माहीत आहे, आणि ते मला सहन होत नाही.

यंदाही रविवार आला. यंदा मी ठरवलं होतं. लोक जमले, आणि कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणाले, “ही भिंत...” आणि शब्द घशाशी आला, ‘ल’ इतका जवळ आला. तेवढ्यात हे मागून म्हणाले, “आमच्या आईनं केलीय. ही सांगेल तुम्हाला, ही छान सांगते.”

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगायला सुरुवात केली.