जमिनीवर बसलेलं विमान

जिनमावशी कुठलीही गोष्ट एकटीसाठी कधी पाहायची नाही. हिंगणघाटला आमच्या गल्लीतून कोणी परगावी निघालं, की बायका दारात येऊन सांगत, "माह्या वाटचं पाहून येजो." बाकीचे हो म्हणून विसरून जात. मावशी परतली, की हातपाय धुऊन ज्याचं त्याला पोचवून येई. यात्रेतला पाळणा गंगूला, नदीवरचा नवा पूल सईला. जे दिसलं नसेल, ते "नाई दिसलं" म्हणून मोकळी होई. मी शाळेत मास्तरीण, पण इतका खरेपणा माझ्या हजेरीपुस्तकातसुद्धा नव्हता.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनात तिची सारी उमर गेली, म्हणून हे नाव. तिच्या भुवयांवर कापसाचे तंतू असत आणि छातीतही तेच भरले असावेत. बोलता बोलता दम लागला, की हात वर करून ती समोरच्याला थांबवी. मी घाईनं तिचं वाक्य पुरं करायला जाई. "तुमी काऊन बोलता, मास्तरीणबाई? माहं अजून सरलं नाई," ती म्हणे.

तिचे यजमान अर्धांगवायूनं अंगणात बाजेवर पडून असत. दिवसभर आभाळाशी गाठ. वरून विमान गेलं, की हाका मारून साऱ्यांना दाखवत. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हा. मावशीला नागपूरच्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं आणि कागद वाचायला मी सोबत निघाले. यजमान एवढंच म्हणाले, "खाली बसल्यावर थे विमान केवढं दिसते, पाहून येजो व. मले आता कोन दाखवते?"

तीन दिवस तपासण्या चालल्या. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं, तर मावशी मागोमाग आलीच. "घरी न्या. खावंसं वाटेल ते खाऊ द्या," ते म्हणाले. भला माणूस होता, पण त्याच्याजवळ देण्यासारखं काही उरलं नव्हतं. मावशीनं पदर सारखा केला. "गाडी सांजेची हाय ना? मंग नागपूर पाहून घेऊ." मला रडू येत होतं आणि हिला गल्लीची यादी आठवत होती. खरं सांगते, मला तिचा रागच आला.

महाराजबागेतला वाघ झोपला होता. तो सईला झोपलेलाच सांगायचा, असं ठरलं. अजब बंगल्याच्या, म्हणजे तिथल्या संग्रहालयाच्या, पायऱ्या तिला चढवेनात. ती खालीच बसली, मला आत पाठवलं आणि परतल्यावर खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाली, "हे तुमीच सांगजो गंगूले. मी नाई पाहलं."

दुपारी टांगा सोनेगावला नेला. विमानतळाच्या तारेपलीकडे वाळलेलं गवत आणि मोकळं मैदान होतं, बाकी काही नाही. विमान केव्हा येईल ते सांगता येत नाही, असं पहारेकरी म्हणाला. मावशी तार धरून उभी राहिली. मी बसायला सांगितलं, तर म्हणे, "बसली तं दिसन नाई." उन्हं कलली. टांगेवाला गाडीची आठवण करून देऊ लागला. मी मनातल्या मनात सगळे देव आळवले. विमान आलं नाही.

"त्याईनं एकच गोष्ट मांगतली होती," टांग्यात चढताना ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजेशी बसली. मीही होते.

"दिसलं का व?" यजमानांनी विचारलं.

मावशीला दम लागला होता. या वेळी मी मध्ये बोलले नाही.

"दिसलं," ती म्हणाली. "आपल्या जिनाच्या शेडाएवढं हाय. खाली बसलं तरी पंख मिटत नाई. तसंच पसरून बसते."

यजमान माझ्याकडे पाहू लागले. मावशी जमिनीकडे पाहत होती.

"हो, तेवढंच आहे," मी म्हटलं.

पावसाळ्याच्या आत मावशी गेली. यजमान पुढं बरीच वर्षं बाजेवर होते. येईल त्याला ते विमान सांगत. कोणी शंका काढली, की म्हणत, "मास्तरीणबाईले पुसा. थ्या संगं होत्या." लोक मला विचारत आणि मी होकाराची मान हलवी. एकदा त्यांनी स्वतःच विचारलं, पंखांचा रंग कोणता होता म्हणून. तिनं सांगायचं राहून गेलं होतं. मी सांगितलं, पांढरा.