दुरडीखालचं पीठ

डॉक्टर म्हणाले होते, पाणी द्यायचं नाही, ठसका लागेल. मी शाळेत विज्ञान शिकवते. डॉक्टरांचा शब्द मी मोडत नाही. आई "पाणी दे गं" म्हणत राहिली आणि मी भांडं तिच्या हाताला लागू नये म्हणून खिडकीत सरकवून ठेवलं. दुपारी ती गेली. ओठ कोरडेच होते.

भिसेगावच्या घरी नवव्या दिवशी संध्याकाळी, आईला शेवटचं जिथे निजवलं होतं तिथे मामीने तांदळाचं पीठ पसरलं, दिवा लावला आणि वर दुरडी पालथी घातली. सकाळी पिठावर ज्याची पावलं उमटतील, त्या जन्माला माणूस गेलं म्हणायचं. पाखरू, गाय, काहीही. दुरडी मी उचलायची, कारण लेक मी एकटीच. एरवी मी मामीची टर उडवली असती. त्या दिवशी जमलं नाही. पाणी मागत गेलेलं माणूस कसल्या पावलांनी परत येतं?

तेवढ्यात समोरच्या चाची आमच्यासाठी जेवण घेऊन आल्या. तुमच्यात बरं, असलं काही नसतं, मी म्हणाले.

"आमच्यात परत येणं नाय गं. कबरीत सवाल-जवाब होतात, मग कयामतीपर्यंत थांबायचं. जाताना तेवढं तोंडात मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी घालतो आमी."

तिथेही पाणीच! पुढचं मी ऐकलंच नाही.

सकाळी कोंडाण्याच्या आदिवासी वाडीवरून भाजी घेऊन येणारी ठाकरीण दारात बसली होती. आईशी तिचं फार जमायचं. गेलेलं माणूस कुठे जातं, मी तिलाही विचारलं. घाबरलेलं माणूस कोणालाही विचारतं.

"आमचं माणूस कुठं जात नाय, ताई. घराच्या आसपासच असतं. तान लागली का हाक मारतं."

तिच्या पाठीमागे अंगणात बघायची माझी हिंमत झाली नाही. मी आत आले.

"उचल गं आता, उन्हं आली," मामी म्हणाली.

डोळे मिटून मी दुरडी उचलली. उघडले तर पीठ जसंच्या तसं. साधी मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

"सुटली गं बाई!" मामीने हात जोडले. "खूण नाय म्हंजे मोक्ष."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. माझा मात्र नाही.

"मामी, ज्याला या घरात यायचंच नसेल, त्याचीही खूण उमटत नसेल ना?"

मामी खाली बसून पीठ गोळा करायला लागली.