बॉनेटवरचं ओके

१९९५च्या पावसाळ्यानंतर माझी पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात झाली. मी हवालदार पगारे, व्हेईकल मेकॅनिक. घर नाशिकरोडच्या एका कॉलनीत. फौजी म्हटलं की लोकांना रायफल दिसते. माझ्या हातात रायफलीपेक्षा पाना जास्त वेळ असायचा.

आमचं वर्कशॉप म्हणजे एक पत्र्याची शेड. पहाटे साडेपाचला इंजिनं गरम करायची, सहाला गाड्या एका रांगेत, साडेसहाला सुभेदारसाहेबांचं इन्स्पेक्शन. गाडीखाली शिरायला खड्डा नव्हता, कारण जमीन खडकाची होती. आम्ही ताडपत्री अंथरून पाठीवर सरकत आत जायचो. तपासताना गाडी नेहमी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी. हे मुद्दाम सांगतोय, पुढं लागणार आहे.

शेडचे दोन रिवाज होते. ज्यानं गाडीचं काम केलं, तो पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसणार. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. स्वतःचा जीव त्या सीटवर ठेवायचा असला की नट कसा आवळायचा हे कोणी शिकवावं लागत नाही. दुसरा रिवाज, काम झालं की मेकॅनिकनं बॉनेटवर खडूनं ओके लिहायचं आणि खाली नाव. गाडी परत येईपर्यंत ड्रायव्हर ते पुसत नसे.

लान्स नाईक काशिनाथ गावित ड्रायव्हर होता. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. अख्ख्या युनिटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो मला उस्ताद म्हणायचा आणि नाशिकरोडचा माणूस म्हणजे नागलीची भाकरी ओळखतसुद्धा नाही, अशी माझी टिंगल करायचा. तो सुट्टीवर गेला की मी महिनाभर मराठीत फक्त इंजिनाशी बोलायचो. माझं लग्न झालेलं नव्हतं, आई गेलेली होती, पत्र लिहावं असं कोणी नव्हतं. काशिनाथची पत्रं मात्र दर आठवड्याला जायची, घरी आई आणि धाकटा भाऊ देवराम. त्यात माझं नाव असायचं, असं तो सांगायचा. मला ते फार बरं वाटायचं.

वरच्या पोस्टला रेशन एक जुनी जीप नेई. वाटेत एक नाला लागायचा, पाणी गुडघाभर आणि धोंडे कलिंगडाएवढे. जीपचं पोट दर फेरीला घासायचं. डिफरन्शियलचं कव्हर दोनदा फुटलं. तेव्हा मेजरसाहेबांनी मला बोलावून हुकूम दिला.

"पगारे, गाडी चार इंच उठाओ. टायर भी बडे डालो. कागज बाद में."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. रोज तेल बदलून कंटाळलेल्या मेकॅनिकला असं काम म्हणजे सणच. चाकांवरच्या स्प्रिंगांच्या, म्हणजे पाट्यांच्या, चारही जुडग्यांत एकेक लांब पाटा वाढवला. पाटे चॅसिसला टांगणारे शॅकल लांब बनवले. शॉकअप पुरेनात म्हणून त्यांना ब्रॅकेट जोडले. स्टोअरमध्ये दुसऱ्या गाडीचे मोठे टायर पडून होते, ते चढवले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासत होता, तर मडगार्ड कापलं. काशिनाथ तीन दिवस माझ्याबरोबर गाडीखाली होता. गाडी उतरवली तेव्हा लांबून बघून म्हणाला, "उस्ताद, ही तर टाचा उचलून उभी हाय."

ब्रेकचा रबरी होज मी तपासला होता. चॅसिसकडून चाकाकडे ब्रेकचं तेल नेणारी ती वीतभर नळी. गाडी चार इंच वर गेली तशी ती ताणली गेली होती, पण अजून थोडी ढिली होती. मी बोटानं हलवून बघितली आणि पास केली. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी होती.

खरी तपासणी अशी नसते. चॅसिस जॅकवर उचलायची, चाक हवेत लटकू द्यायचं, जितकं खाली येईल तितकं येऊ द्यायचं, आणि मग होज बघायचा. लांब पाट्यांमुळे चाक पूर्वीपेक्षा जास्त लटकतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला सुचलं नाही. अकरा महिने रांगेत उभ्या गाड्या बघून माझी नजरही रांगेत उभी राहिली होती.

पहिल्या फेरीच्या दिवशी सकाळी सव्वानऊला जीप भरली. मागं रेशन आणि एस्कॉर्टचे दोन जवान. पुढची डावी सीट माझी. मी जर्किन घालून आलो तेव्हा काशिनाथ स्टोअरमधून एक पोतं ओढत होता. कांदा आला होता, दीड महिन्यानं. पोत्यावर शिक्का पिंपळगाव बसवंतचा. दोन हजार किलोमीटरवर आपल्या जिल्ह्याचं नाव वाचून आम्ही दोघं येड्यासारखे हसलो. मागं जागा नव्हती. पोतं दुसऱ्या फेरीला गेलं असतं तर पोस्टवाल्यांना आणखी आठवडा बिनकांद्याची डाळ होती.

"माझ्या सीटवर टाक," मी म्हणालो. "मी पुढच्या फेरीला येतो."

"उस्ताद, रिवाज?"

"कांदा नाशिकचा, मी नाशिकचा. कोणीही बसला तरी एकच."

तो हसला. मी बॉनेटवर ओके लिहिलं, खाली पगारे. साडेनऊला गाडी गेली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वरच्या पोस्टचा रेडिओ बोलला. मी सिग्नलच्या तंबूबाहेर चहा घेत होतो.

"गाडी खड्ड में. ब्रेक फेल. ओव्हर."

"ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर गाडी के साथ. दो जवान सेफ. ओव्हर."

नाला त्यानं छान पार केला होता. जवानांनी नंतर सांगितलं की पुढचं डावं चाक एका धोंड्यावरून सुटून हवेत लटकलं, गाडी हिसका मारून बाहेर आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. होज तिथंच तुटला. जुन्या जीपला ब्रेकची लाइन एकच, एक नळी तुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. ते त्याला कळलं अर्ध्या किलोमीटरनं, उतारावर. त्यानं गिअर पाडला, गाडी डोंगराच्या बाजूला घासली, वेग थोडा कमी झाला तेव्हा दोघांना ओरडून उड्या मारायला लावल्या. त्याला स्वतःला उडी मारता आली नाही. पुढं वळण होतं.

रिकव्हरीला मी गेलो. जीप तीनशे फूट खाली, खडकात अडकलेली. कांदे उतारभर सांडलेले. होज चाकाकडच्या टोकाला उपटून निघाला होता. मी तुटलेली टोकं जुळवून बघितली. होजची लांबी दोन बोटं कमी पडली होती. तो तुकडा मी खिशात टाकला. बॉनेट चेपलं होतं, पण ओके शाबूत होतं आणि माझं नावही. ते पुसायला माझा हात गेला नाही.

चौकशी झाली. मला विचारलं, काम कोणाच्या हुकमानं केलं. मी सांगितलं. होज तपासला होता का? हो साहेब. अहवालात रस्त्याची अवस्था आणि यांत्रिक बिघाड असं आलं. चाक लटकवून तपासला होता का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही. विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर द्यायचं ही शिस्त आहे. त्या दिवशी मी तिच्याआड लपलो.

१९९९ला पेन्शन घेऊन मी नाशिकला आलो. तिथल्या द्वारका चौकापाशी ट्रक दुरुस्तीवाल्यांच्या रांगेत एक गाळा घेतला, मागं झोपायची खोली. फौजी पगारे म्हणून नाव झालं. पाटे, ब्रेक, क्लच, सगळी कामं केली. गंगापूर रोडची हौशी पोरं जुन्या जीप घेऊन यायची, काका उंच करून द्या, जाड टायर टाकून द्या. मी म्हणायचो, शिडी विकत घ्या, स्वस्त पडेल. पोरं मला खडूस म्हणायची. म्हणू देत.

पेठला जायला एसटीनं दोन तास लागतात. गेलो नाही. दर रविवारी सकाळी दाढी करून कपडे घालायचो, स्टँडपर्यंत जायचो, पेठची गाडी सुटलेली बघायचो आणि परत येऊन चहा टाकायचो, एकच कप. एकटं राहण्याची सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही.

२००४च्या दिवाळीनंतर एक जण लिलावातली जुनी जीप घेऊन गाळ्यासमोर उभा राहिला. खाली उतरायच्या आधीच मी ओळखलं. तोच जबडा, तेच कपाळ.

"पगारे उस्ताद तुम्हीच ना?" तो म्हणाला. "मी देवराम गावित. काशिनाथदादाचा भाऊ."

दादाच्या जुन्या पत्रांतून नाव काढून, तीन दिवस विचारत तो आला होता. त्यांच्या पाड्याच्या वाटेवर एक ओहोळ आहे, सगळा धोंड्यांचा. साधी गाडी पार होत नाही. बाळंतपणाची बाई अडली की डोली करून चार जणांनी सात किलोमीटर चालायचं. मागच्या पावसाळ्यात एक पोरगी वाटेतच गेली. जीप उंच करून हवी होती.

"दादानं लिहिलं व्हतं, तुम्ही तिकडं गाडी उंच केली म्हून," देवराम म्हणाला. "तशीच करून द्या."

तशीच. मी त्याला उद्या ये म्हणालो. तो गेल्यावर शटर ओढून आत बसलो. सांगायचं की नाही हा प्रश्न आठ वर्षं माझ्याबरोबर जेवत होता, आता तो दारात उभा होता. नाही म्हणालो असतो तर त्यानं दुसऱ्या कोणाकडून केली असती, सपाट जमिनीवर तपासलेली. केली आणि बोललो नसतो, तर त्या गाडीला हात लावायचा मला हक्क नव्हता.

काम आठ दिवस चाललं. पाटे नवे बांधले. टायर फक्त गरजेपुरते मोठे, कारण गाडी जितकी उंच तितकी ती वळणावर कलंडायला तयार. मग चॅसिस जॅकवर घेऊन एकेक चाक लटकवलं आणि लटकलेल्या चाकावरून मापं घेतली. होज लांब बसवले, वर चार बोटं जास्त.

नवव्या दिवशी सकाळी देवराम आला. मी त्याला स्टुलावर बसवलं, ट्रंकेतला जुना होज काढून त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. ताडपत्री, सपाट जमीन, दोन बोटं, कांद्याचं पोतं, चौकशी. माझा आवाज रिपोर्ट देतात तसाच होता.

त्यानं तो तुकडा बोटांत फिरवून बघितला. आतापर्यंत तो मला तुम्ही म्हणत होता.

"आईला तू सांग," तो म्हणाला. "मी नाय सांगनार."

मग उठला, ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि हात लांब करून डावं दार आतून उघडलं.

"बस. दादा सांगायचा, ज्यानं काम केलं तो पयल्या फेरीला बसतो."

मी बॉनेटवर खडूनं ओके लिहिलं, खाली पगारे, आणि बसलो. पेठ रस्त्यावरचा सावळघाट उतरलो, चढलो. ओहोळात पुढचं डावं चाक एका धोंड्यावरून सुटलं आणि लटकलं. मी त्याला थांबायला सांगितलं, पाण्यात उतरलो, वाकून बघितलं. होज सैल होता. मी तिथं गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिलो, कारण मला रडू आलं होतं.

त्याची आई अंगणात नागली पाखडत होती. मी जमिनीवर बसलो आणि सकाळी सांगितलं ते पुन्हा सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही. संपल्यावर एकच विचारलं.

"त्याच्या संगं कोन व्हतं?"

"कोणी नाही. दोघांना त्यानं उतरवलं."

"आन तुझी जागा?"

"रिकामी नव्हती. तिथं मी कांद्याचं पोतं ठेवलं होतं."

सूप थांबलं. ती उठली, जीपपाशी गेली. वाचता येत नव्हतं, तरी बॉनेटवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हे काय म्हणून देवरामला विचारलं. त्यानं सांगितलं, गाडी परत घरी आली की हे पुसायचं असतं. तिनं पदरानं ते पुसून काढलं, सावकाश, एकही रेघ न ठेवता. मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मी तशी अपेक्षा ठेवलेली नाही.

त्या जीपमधून पहिल्या वर्षात तीन बाया वेळेत दवाखान्यात पोचल्या. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर देवराम ती द्वारकेला आणतो. मी चारही चाकं लटकवून बघतो, खडूनं लिहितो आणि डाव्या सीटवर बसून पाड्यापर्यंत जातो. म्हातारी पुसते, भाकरी देते, मी एसटीनं परत येतो.

लान्स नाईक काशिनाथ गावित, ड्रायव्हर, वय सव्वीस. दोन जवान त्याच्यामुळे घरी गेले. त्याच्या गाडीवर माझं ओके होतं, आणि ते पुसायला तो परत आला नाही.